ते घट्टे नव्हते

माझ्या वडिलांवर अन्याय झाला. सहा वर्षांपूर्वी, होळी होऊन आठवडा झाला होता, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. पडेगावच्या पुढं एका मोठ्या बांधकामावर कामगारांसाठी आरोग्य शिबिर भरलं होतं. निळा मंडप, एक टेबल, टेबलामागं एक तरुण डॉक्टर, समोर गवंडी आणि बिगाऱ्यांची रांग. अप्पा गवंडी होते. त्यांचा नंबर आला. डॉक्टरनं त्यांचा हात हातात घेतला. मुठीच्या हाडांवर हरभऱ्याएवढ्या टणक गाठी होत्या. त्यानं त्या अंगठ्यानं दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "कष्टाचे घट्टे आहेत, काका. याला औषध नाही." कॅल्शियमच्या गोळ्यांची एक पट्टी दिली आणि पुढच्याला बोलावलं.

मी तिथंच उभी होते. शिबिर आमच्या कामगार संघटनेनं भांडून भरवून घेतलं होतं आणि मी रांगेत पत्रकं वाटत होते. 'कष्टाचे घट्टे' हे शब्द मला इतके आवडले की त्याच दिवशी घरी येऊन मी अप्पांना दारात बसवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायला लावले आणि फोटो काढला. कामगार दिनाच्या पत्रकावर पहिल्याच पानावर तो छापला. मथळा माझाच: 'हे हात बघा.'

आठ महिन्यांनी कामावरून परतताना अप्पा छावणीच्या थांब्यावर छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. वय एक्कावन्न. दारावर आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, कष्टानं गेला. श्रद्धांजलीच्या पत्रकात मीही तेच लिहिलं. फोटोही तोच वापरला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे. त्या यादीत माझं नाव पहिलं आहे.

जिरा सोडा

गेल्या वर्षी मी एकोणतीस वर्षांची होते. छावणीत एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचे आणि उरलेल्या वेळात संघटनेचं काम. पत्रकं लिहायची, छापायची, घरोघर पोचवायची. एका इमारतीचे तीन जिने चढले आणि छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा जबडा दुखायला लागला. मी खाली येऊन जिरा सोडा प्यायले. दुसऱ्यांदा झालं तेव्हाही जिरा सोडाच. तिसऱ्यांदा झालं ते एका कचेरीच्या फाटकासमोर, घोषणा देताना. आवाज फुटेना. सोबतच्या बायकांना वाटलं मी भावनेनं गप्प झाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यात अँजिओग्राफी झाली. मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात ती. एक वाहिनी जवळजवळ बंद होती. तिथं स्टेंट बसवला.

पहिले दोन दिवस मला भीती वाटली नाही, लाज वाटली. भेटायला येणारा प्रत्येकजण बाकावर बसायच्या आधी विचारायचा, काय खात होतीस? वडापाव? भजी? मटण जास्त झालं का? शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त बाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "एवढीशी तर हायेस. तुझ्यात चरबी साठवायला जागा तरी कुठंय?" मला हसू आलं आणि हसताना दुखलं. त्या संपूर्ण आठवड्यात मला दोषी न धरता बोललेलं ते एकच वाक्य.

वॉर्डातले दिवस सगळे एकाच मापाचे. सकाळी रक्त, मग चहा, मग रक्तदाब, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर पंख्याकडं बघणं. उजवा हात वापरायचा नव्हता. केसांचा गुंता झाला होता. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी काही न विचारता बादली बाजूला ठेवली, साबणानं हात धुतले आणि माझी वेणी घातली. घट्ट, शाळेतल्यासारखी. मी त्यांच्यासारख्यांसाठी सात वर्षं पत्रकं लिहिली. त्यांनी माझं एकही वाचलं नव्हतं.

हजार प्रती

चौथ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टर मॅडम माझ्या रक्ताचे आकडे घेऊन आल्या. वाईट कोलेस्टेरॉल असायला हवं त्याच्या तिपटीहून जास्त. त्यांनी माझे हात मागितले. बोटांच्या हाडांवरून अंगठा फिरवला. मग पांघरूण सरकवून पायाच्या टाचेमागची शीर चिमटीत धरली.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"लहानपणापासून थोडं थोडं. आमच्या घरचे हातच असे आहेत. अप्पांचे तर फार होते."

"अप्पा आहेत?"

"नाहीत. एक्कावन्नाव्या वर्षी गेले."

"त्यांच्या हातांचा एखादा फोटो आहे?"

माझ्याकडं फोटो होता. मोबाइलमध्ये पत्रक होतं. मॅडमनी ते दोन बोटांनी मोठं केलं. अप्पांची डाव्या हाताची मूठ पडद्यावर भरून आली.

"हे कोणी पाहिलंच नाही का आधी?"

"हजार प्रती छापल्या होत्या, मॅडम. सगळ्यांनी पाहिलं."

त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. काही घराण्यांत यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडून काढून टाकता येत नाही. पकडायचा हूकच सदोष असतो. ते खाण्यामुळं होत नाही, आईबापांकडून येतं. रक्तात फिरत राहिलेलं कोलेस्टेरॉल मग वाहिन्यांत साठतं, आणि सांध्यांजवळच्या शिरांवर गाठी होऊन बसतं. लवकर कळलं तर साध्या गोळ्या असतात, आणि माणूस म्हातारा होतो.

साध्या गोळ्या. मी तेवढंच ऐकलं. अप्पांना त्या मंगळवारी कॅल्शियमची पट्टी मिळाली होती.

आरोपी आहे, पुरावा नाही

घरी आल्यावर महिन्याभरानं माझं रक्त जनुकं तपासायला पाठवलं. मला वाटलं होतं, उत्तर येईल हो किंवा नाही. आलं तिसरंच. हूक कसा बनवायचा याचं जे लांबलचक लिखाण शरीरात असतं, त्यात माझ्याकडं एक अक्षर वेगळं आहे. पण ते अक्षर नुसतंच वेगळं आहे की त्यानंच हे सगळं केलंय, हे सांगता येत नाही. रिपोर्टात लिहिलं होतं: अर्थ अनिश्चित.

मी मॅडमना म्हटलं, "म्हणजे माणूस जागेवर सापडला, पण गुन्हा त्यानंच केला असं म्हणता येत नाही."

"बरोबर. प्रत्येकाच्या जनुकांत अशी वेगळी अक्षरं असतातच. बहुतेक निरुपद्रवी. हे दोषी आहे का ते बघायला साक्षीदार लागतात. तुमच्या घरात ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे त्यांच्यात हे अक्षर सापडायला पाहिजे, आणि ज्यांचं नाही त्यांच्यात नाही. प्रयोगशाळेत पेशींवरही तपासणी होते, पण तिला वेळ लागतो. आधी घरच्यांचं रक्त द्या."

"गोळ्या तर मला चालूच आहेत. मग कळून काय फरक पडणार?"

"तुम्हाला थोडा. लहान मुलं किती आहेत घरात?"

एकच. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, मैत्री. सहा वर्षांची. आणि इथं आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. मामाची मुलगी करायची पद्धत आमच्यात आहे. माझी ताई दिलीय अप्पांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला, करमाडला. म्हणजे माझी आत्या तीच ताईची सासू. माझे दाजी म्हणजे माझा आतेभाऊ. त्या लग्नात मी नाचले होते. घरातली लेक घरातच राहिली, सगळे खूश होते.

मी हे सांगितल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. एका बाजूनं आलं तर गोळ्यांनी आवरतं, त्या म्हणाल्या. दोन्ही बाजूंनी आलं तर लहानपणीच हृदयाला धरतं. त्या मुलीचं कोलेस्टेरॉल लगेच बघा. आणि आत्याबाईंपासून सगळ्यांचं रक्त आणा.

करमाड

मी आणि आई बसनं करमाडला गेलो. आत्यानं चहा टाकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बारीक झालीस म्हणाली. मी सगळं सांगितलं, जसं सभेत सांगते तसं, मुद्द्यानं. आत्या कपातल्या चहाकडं बघत ऐकत होती.

"तुला म्हणायचंय काय? आपल्या रक्तात खोट हाय?"

"खोट नाही गं आत्या. एक अक्षर."

"अक्षर म्हण, खोट म्हण. आमच्या म्हाताऱ्यांनी लई ऐकलंय हे. ह्यांच्या सावलीत खोट, ह्यांच्या पाण्यात खोट. ते सगळं टाकून आपण दीक्षा घेतली. आता आमचीच पोरगी शिकून येती आन म्हणती रक्त काढा, कागदावर लिहून देऊ." मग ती माझ्याकडं वळली. "तूच तर पत्रकात लिहितीस ना, रक्त सगळ्याचं एकच असतंय म्हणून? मग आता काय बघायलीस त्यात?"

हा आजार कुठल्याच जातीचा नाही, वाड्यात राहणाऱ्यांनाही होतो, हे मला नंतर बसमध्ये सुचलं. त्या वेळी मी फक्त चिडले. म्हणाले, "आत्या, तुझ्या अडाणीपणानं पोरगी जाईल."

आत्या उठली. कप विसळायला ठेवला. "चहा झाला असंल तर निघा. चारची बस हाय."

ताई दारात उभी होती. मैत्री तिच्या पदराशी. मी ताईला म्हटलं, तू तरी सांग. ती सासूकडं बघून मान खाली घालून उभी राहिली. तिच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले. आज वाटतं, ती ज्या घरात रोज भाकरी करते त्या घरात उभी होती. मला चारच्या बसनं निघायचं होतं.

थकवा

पुढचे सात महिने आत्या बोलली नाही.

या काळाबद्दल कोणी लिहीत नाही, कारण त्यात काही घडत नाही. रोजच्या गोळ्या. मांड्यांचे स्नायू ताप आल्यासारखे दुखायचे. मग एक गोळी बदलली, दुसरी वाढवली. दुकानात दोन तास बसलं की डोळे मिटायचे. संघटनेतले सोबती आधी रोज यायचे, मग रविवारी, मग फोन. मी त्यांना दोष देत नाही. आजारी माणसाला घोषणा देता येत नाहीत.

आईनं घरातलं तेल जवळजवळ बंद केलं. पिठल्याची चव पाण्यासारखी झाली. मी म्हटलं, आई, हे खाण्यानं होत नाही, मॅडमनी किती वेळा सांगितलं. आई म्हणाली, "मला दुसरं काय करता येतंय? मग हेच करते." मी पिठलं खाल्लं.

आईचं रक्त मात्र मी तेवढ्यात तपासून घेतलं होतं. कोलेस्टेरॉल अगदी बरोबर. अक्षरही नाही. मी आनंदानं सांगितलं, तर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "म्हंजे तीस वर्षं राबून शेवटी मीच परकी निघाले."

"तसं नाही. तू आमची साक्षीदार आहेस."

"व्हय. नवऱ्याच्या घरात बाई साक्षीदारच असती." आणि हसली. खूप दिवसांनी.

मी मात्र रात्रंदिवस त्या पोरीचाच विचार करत होते. ताईला फोन केला की ती हळू आवाजात म्हणायची, बरी आहे, खेळतीय, खातीय. बरी आहे, हेच तर ऐकायचं नव्हतं. अप्पाही थांब्यापर्यंत बरेच होते.

कुणाच्या विटा

अप्पांच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आम्ही दरवर्षी घरीच करतो. वंदना होते, चार माणसं दोन शब्द बोलतात, जेवण होतं. आत्या येईल असं वाटलं नव्हतं. पण भाऊ तो भाऊ. ती आली, पांढरी साडी नेसून, माझ्याकडं न बघता. मागून ताई, दाजी आणि मैत्री.

भिंतीवर अप्पांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी फ्रेम केलेलं पत्रक. संघटनेनं भेट दिलेलं. काढून ठेवायचं माझ्या कितीदा मनात आलं, पण आईनं काढू दिलं नाही. आत्या त्या हातांसमोर उभी राहून रडली. नकळत स्वतःच्या बोटांवरून बोट फिरवत होती. तिचे हातही तसेच होते, फक्त गाठी लहान.

मैत्रीनं फुलं वाहिली. अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक होता. फुलं ठेवायला तिनं दोन्ही हात वर केले, आणि आईला तिची कोपरं दिसली. दोन्ही कोपरांवर पिवळसर, टणक, डाळीएवढ्या पुटकुळ्या. आईनं तिला जवळ ओढलं, कोपर उजेडाकडं वळवलं.

"ह्ये काय गं?"

आत्याच म्हणाली, "काय नाय ते. रांगून रांगून घट्टे पडलेत तिला."

आई आयुष्यात नणंदेसमोर मोठ्यानं बोलली नव्हती. तेव्हाही मोठ्यानं बोलली नाही.

"आक्का, तिचं रांगणं सरून पाच वर्षं झाली. अन ह्यांच्या हाताला आपण कष्टाचे घट्टे म्हणलो, ते म्हणलो. सहा वर्षाच्या लेकरानं कुणाच्या विटा वाहिल्या?"

बाहेर जेवणाची पानं मांडत होते, त्यांचा आवाज येत होता. आत्यानं पोरीचं कोपर स्वतःच्या हातात घेतलं. त्यावर अंगठा फिरवला. मग आपल्या मुठीवर फिरवला. परत कोपरावर.

मी तोंड उघडणार होते. आईनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी मिटलं. हे मी आजारात शिकलेलं एकमेव शहाणपण.

मग आत्या माझ्याशीच बोलली, पण बघितलं नाही. "उपाशीपोटी लागतंय का रक्त?"

"नाही. तू फक्त ये."

"मग उद्या सगळेच चलू."

निकाल

करमाडच्या चौघांनी रक्त दिलं. आत्यानं नर्सला विचारलं, "ह्यावर जात लिवताव का?" नर्स म्हणाली, "नाव आणि वय, आजी." आत्या म्हणाली, "मग घे अजून एक नळी."

रिपोर्ट यायला दीड महिना गेला. आत्या, दाजी, ताई: तिघांचं कोलेस्टेरॉल जास्त, तिघांतही तेच अक्षर. आईत नाही. मॅडमनी सांगितलं की नेमकं हेच अक्षर दुसरीकडच्या एका कुटुंबातही आजारी माणसांमध्येच सापडलंय, आणि पेशींवरच्या तपासणीत हूक नीट बसत नाही असं दिसलंय. ते कुटुंब कोणतं, कुठलं, आम्हाला कधीच कळणार नाही. त्यांनी रक्त दिलं म्हणून आमचा निकाल लागला. रिपोर्टातलं 'अनिश्चित' जाऊन 'बहुधा रोगकारक' आलं. 'बहुधा' कशाला, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, शास्त्र तुमच्या पत्रकासारखं लिहीत नाही.

मैत्रीला ते दोन्हीकडून आलंय.

हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. दुसरं कसं लिहायचं ते मला येत नाही. तिच्या रक्तातला आकडा माझ्याहून कितीतरी मोठा आहे. हृदयाच्या झडपेजवळ साठायला सुरुवात झालीय, थोडी. गोळ्या सुरू झाल्यात. त्या तिला पुरणार नाहीत, पुढची औषधं बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यातून ठरतायत. दर काही आठवड्यांनी जावं लागतं. ती खिडकीची जागा मागते. डॉक्टर म्हणतात वेळेत आलात. मी मनात सात महिने मोजते. ते सात महिने आत्याचे एकटीचे नाहीत. मी तिला अडाणी म्हटलं नसतं तर कदाचित चारच असते, कदाचित एकही नाही.

ताई एकदाच बोलली. "मामाच्या घरची केली म्हणून झालं का गं?" मी म्हटलं, तुम्हाला कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुलाबी नव्हतं. तू तर फोटो काढलास." आणि माझा हात धरून बसली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, पोरगी आत तपासायला नेली होती.

आत्या आता प्रत्येक सोयऱ्याला फोन करते. "रक्त तपासलं का? नाय? मग काय करायलास?" चुलत, मावस, लांबचे, कोणाला सोडत नाही. दोघांनी तिचा नंबर बंद करून टाकला. ती सुनेच्या फोनवरून करते.

आता तुमच्याकडं

मी थकले आहे. मोठं लिहायची ताकद नाही आणि सरकारकडं काय मागायचं ते वेगळ्या पत्रकात मागेन. इथं मी तुमच्याकडं मागतेय.

तुमच्या घरात कोणी पन्नाशीच्या आसपास 'अचानक' गेलं असेल, 'कष्टानं', 'टेन्शननं' गेलं असं सांगून तुम्ही तो विषय बंद केला असेल, तर तो उघडा. या आठवड्यात स्वतःचं आणि पोरांचं कोलेस्टेरॉल तपासून घ्या. पोरं बारीक आहेत, खेळतात, हे कारण सांगू नका. आकडा जास्त आला तर डॉक्टरला घराण्याबद्दल सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

आणि तुमच्या रक्ताच्या नात्यातला कोणी आजारी पडून तुमच्या दारात आला, म्हणाला की माझ्या रिपोर्टात 'अनिश्चित' लिहिलंय, एक नळी रक्त द्या, तर त्याची भाषा बघू नका. तो चुकीचं बोलेल. मी बोलले होते. त्याला चहा पाजून चारच्या बसला लावू नका. रक्त द्या. तुमचं कोलेस्टेरॉल चांगलं असेल तरी द्या, कारण निकाल लावायला निरोगी माणसाचीही साक्ष लागते.

आणि तो जर तुमच्याकडं आलाच नसेल, कारण जमिनीवरून, लग्नावरून, एका वाक्यावरून तुमचं बोलणं बंद आहे, तर फोन तुम्ही करा. त्याचंच नाव आधी काढा. आज.